शेडसाठी स्थळ

गेल्या महिन्यात अमोलच्या लग्नात मला नवऱ्याच्या मागे, त्याच्या मामाच्या शेजारी उभं केलं. डोक्याला फेटा बांधला, हातात अक्षता दिल्या. अंतरपाट धरायच्या आधी नवरीकडच्या एका पावण्यानं विचारलं, तुमी नवऱ्याचे कोण? म्हटलं, कोण न्हाई. मग नवरीचे? म्हटलं, तिचाबी कोण न्हाई, मी शेडकडचा. पावणा दोन पावलं सरकून उभा राहिला. सकाळीच ढोसून आलाय म्हातारा, असं वाटलं असणार त्याला.

खरं म्हणजे त्या जागेवर माझी बायको उभी राहायची होती. ती दिवाळी झाल्यावर गेली. अमोलची आई म्हणाली, ताई न्हाईत तर त्यांच्या जागी तुमी ऱ्हावा. राहिलो. टाकलेल्या निम्म्या अक्षता मामाच्या कॉलरमध्ये गेल्या. जेवणाच्या पंगतीत पुन्हा चार जणांनी विचारलं, शेडकडचा म्हणजे काय हो? एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून काढतो. मी चौथी शिकलेला, पुढची सगळी शाळा ट्रकच्या स्टेअरिंगवर झाली. लिहिण्यात चुका असतील. बाई मात्र मी सांगतो तशीच होती.

तिचं नाव तानूबाई. जन्मभर मी तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली, त्यामुळे नाव लिहिताना दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितोय असं वाटतं. मी मूळचा उचगावचा, ती चंदगडची. ट्रक सोडल्यावर मी तिच्या गावाला येऊन राहिलो. लोक घरजावई म्हणाले. म्हणू देत, त्यांच्या घरी जेवत नव्हतो. तिथं तिचा काजूचा कारखाना होता. कारखाना म्हणजे अठरा बाया, बी फोडायची हातयंत्रं, बी वाफवायचा एक बॉयलर आणि वर गळका पत्रा.

उंचीनं ती माझ्या खांद्याला लागायची. आवाज मात्र बॉयलरच्या वर. काजूच्या टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडलेली, आणि ती काळी बोटं समोरच्याच्या तोंडापुढं नाचवत बोलायची सवय. दुकानदार तिला बघून आतल्या खोलीत जायचे. कारण ती काहीही घ्यायला गेली की तिचं एकच म्हणणं असायचं, "नवं सगळंच चांगलं असतंय. जुनं दाव."

कुकर घ्यायला गेली तर दुकानदाराला म्हणाली, तुझ्या घरात ह्याच कंपनीचा हाय का? असला तर घेऊन ये, शिट्टी बघते. त्यानं आणला की हो घरनं! निम्मा भात होता त्यात. साडी घेताना दुकानातल्या बाईनं स्वतः नेसलेली साडी किती धुण्यांची आहे हे विचारायची आणि पदर हातात धरून रंग बघायची. डॉक्टर बदलला तेव्हा नव्या डॉक्टरच्या दारात बाकावर दोन तास बसून राहिली. औषध घ्यायला नव्हे. आत गेलेला माणूस बाहेर येताना कसा दिसतो, ते बघत.

पोरीच्या लग्नाला तर तिनं मला रडवलं. आमच्याकडं स्थळ आलं की चौकशी काढायची पद्धत आहे. सगळेच काढतात. पण लोक पुढच्या दारानं जातात, चहा पितात, फरशी बघतात आणि येतात. ही मागल्या दारानं जायची. एका घरात पुढं सगळं चकचकीत, नवऱ्या मुलाला पक्की नोकरी. ही पाणी मागायच्या निमित्तानं परसात गेली आणि तशीच परत फिरली. मला म्हणाली, उठा. चहा कपातच राहिला. वाटेत काय विचारलं तर म्हणाली, त्यांची म्हातारी मागं एकटी बसून जर्मलच्या पोचे पडलेल्या थाळीत जेवत हुती, बाकी सगळ्यांची ताटं स्टीलची. दुसऱ्या घरात नवरा मुलगा स्वतः मोरीवर आपला शर्ट धूत होता. हिला बघून लाजून वाळत घातलेल्या चादरीमागं लपला. ही चादरीलाच म्हणाली, "ठरलं." पोरगी अजून सुखात आहे. जावई अजून हिच्या फोटोला बघून दचकतो.

आता शेडचं. आमचा जुना पत्रा इतका गळायचा की खाली भांडी मांडावी लागायची. चंदगडचा पाऊस ज्यानं बघितला नाही त्याला काय सांगू. छत्री घेतलेला माणूस आणि न घेतलेला माणूस सारखेच भिजतात. अकरा भांडी लागायची. कुठल्या गळतीखाली कुठलं, हे ठरलेलं. बॉयलरजवळ मोठं पातेलं, दारात घमेलं, पोत्यांच्या थप्पीशी लग्नातला हंडा. घरात चार महिने आमटीला भांडं नसायचं. कढईतच भाजी, कढईतच आमटी, कढईतच चहा. चहाला लसणाचा वास यायचा, आणि बोललं तर म्हणायची, आंघोळीचं पाणीबी त्यातच तापवू का?

पण त्या पत्र्याच्या शेवटच्या पावसात गळती थप्पीवर सरकली. पोत्यांच्या आत ओल गेली, गराला बुरशी आली आणि माल सगळाच्या सगळा परत आला. काजू दमट झाला की संपला, त्याला देवसुद्धा वाळवू शकत नाही. दुसरं असं साल आलं असतं तर दाराला कुलूप लागलं असतं आणि अठराच्या अठरा बाया पुन्हा गोव्याला धुणी-भांडी करायला गेल्या असत्या. तिनं तिच्या वाटणीचा माहेरचा शेताचा तुकडा विकला. चुकलं तर पुन्हा विकायला दुसरा तुकडा नव्हता. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बायांनाही.

आता पूर्वीसारखं सुतार-गवंडी बोलवून शेड करत नाहीत. खांब, तुळया, पत्रे, सगळं कारखान्यातच मापानं कापून भोकं पाडून येतं आणि जागेवर नुसतं नटबोल्टानं जोडतात. लग्नात आंदण दिलेला पलंग जोडतात तसं. पीईबी म्हणतात त्याला. देणारे म्हणाल तर पैशाला पासरी. मी आपला ट्रकवाला, मला वाटलं मोठं ऑफिस तो मोठा माणूस. तिला घेऊन कोल्हापुरात एका थंडगार ऑफिसात गेलो.

तिथल्या साहेबानं आम्हाला काजूची बर्फी दिली. काजूवाल्याला काजू, हे त्याचं पहिलं चुकलं. मग कॉम्प्युटरवर आमची शेड दाखवली. निळा पत्रा, पुढं हिरवळ, झाडं, आणि ती शेड गरागरा फिरायला लागली. मी खूष. तानूबाई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हे फिरतंय कशाला? आमची एका जागी ऱ्हाणार हाय.

साहेब म्हणाला, काकू, चारी बाजूनं दिसावी म्हणून.

"मग पाऊस कुठाय ह्यात?"

साहेब हसला. ती हसली नाही. म्हणाली, आमच्यात चार महिने असलं निळं आभाळ नसतंय, पाऊस पाडून दावा. तो म्हणाला, ह्यात पाऊस पडत नाही. ती उठलीच. जुनी शेड दाखवा म्हटल्यावर त्यानं मागच्या महिन्यात झालेली एक दाखवतो म्हणून सांगितलं. जिन्यात मला म्हणाली, बारशाला जाऊन पोरगं गुणी हाय का विचारायचं व्हय?

दुसरा आपणहून घरी आला. गोड माणूस. आल्या आल्या तिच्या पाया पडला, जोतिबाची शपथ घेतली, पत्रा आयुष्यभर गळणार नाही म्हणाला. तिनं विचारलं, कुणाच्या आयुष्यभर? त्यानं सात वर्षांपूर्वीच्या एका गोडाऊनचा पत्ता दिला, बरोबर येतो म्हणाला. ही त्याच्या आदल्या दिवशीच मला घेऊन गेली. मालकाला भेटली नाही. झाडणाऱ्या बाईशेजारी जाऊन उकिडवी बसली, तिला तंबाखूची चिमूट दिली. परत येताना एवढंच म्हणाली, तीन बादल्या हाईत, खुंटीला टांगलेल्या. गोडाऊनात बादलीचं काय काम?

असं करत करत संक्रांत गेली. मी चिडलो. म्हटलं, पावसाला किती दिवस राहिलेत, तुला शेड पायजे का सून? ती म्हणाली, सून चुकली तर येगळं ऱ्हाता येतंय.

मग तिला कबनूरच्या एका मागवाल्याचं कळलं. शेड आठ वर्षांची, खाली यंत्रमाग, म्हणजे एक थेंब पडला की कापडाला डाग. शेडवाला कोण, तर उचगावचा अमोल म्हणून एक पोरगा. उचगावचा म्हटल्यावर मी छाती काढली. ती म्हणाली, गाव बघून घ्यायचं असतं तर तुमाला बी घेतलं नसतं.

आम्ही गेलो. तिनं ठेवणीतली इरकल साडी नेसलेली, पिशवीत नारळ आणि काजूचा पुडा. मला धुतलेली टोपी. मागल्या दारानं. मागवाल्यांची मंडळी, म्हणजे बायको, जैन घरातली, साठीच्या पुढची, परसात डाळ वाळवत होती. तानूबाईनं पुडा पुढं केला, बसली, आणि म्हणाली, वैनी, उचगावच्या अमोलची जरा चौकशी काढायची हुती. पोरगं कसं हाय?

आता इरकल साडी, नारळ, धुतलेली टोपी आणि चौकशी. वैनींनी काय समजायचं? त्यांनी हात झटकले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, बरं झालं बाई, छत्तीस झाली त्याला, कुणी पोरगी देईना. आजकाल नोकरीवालाच पायजे सगळ्यांना.

मी सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. तिनं माझ्या पायावर पाय दिला. इरकलीखाली दिसला नाही, पण कळ टोपीपर्यंत गेली.

मग जे ऐकायला मिळालं ते कुठल्या ऑफिसात मिळालं नसतं. काम चालू असताना एक कामगार पडला, पाय मोडला. अमोलनं काम थांबवलं, आठ दिवस दवाखान्यात स्वतः बसला. वैनींचे मालक खूप बोलले, त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं, पण आला नाही तो नाहीच आला. तीन वर्षांनी एका कोपऱ्यात स्क्रूचं रबर गेलं आणि पाणी झिरपलं. फोन केला तर भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन स्वतः वर चढला. वाईट काय? वैनींनी मागाच्या आवाजाकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली केला. उद्या म्हणाला की परवा समजायचं. पण येतोय. आणि तंबाखू खातोय. आईसमोर न्हाई.

"तुमची पोरगी काय करते?" वैनींनी विचारलं.

"बसून हाय," तानूबाई म्हणाली. "पावसाचा लई तरास काढलाय तिनं."

एसटीत बसल्यावर मी तिला सोडली नाही. म्हटलं, म्हातारपणी खोटं बोलतीस? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, शेडचं इचारलं असतं तर लोक काय सांगत्यात? बरी हाय. आपली बरी झाली न्हाई हे कोण कबूल करतंय? पोरीचा प्रश्न आला की बाई खोटं बोलत न्हाई. पाप लागतंय.

पाप आठव्या दिवशी लागलं. वैनींनी अमोलच्या आईला फोन केला असणार. रविवारी सकाळी मी बनियनवर बसून पोती शिवत होतो, आणि दारात गाडी थांबली. अमोल उतरला, पांढरा शर्ट, घडीची रेघ कडक. मागून आई, हातात पेढ्यांचा पुडा. त्यामागून मामा. बायांनी यंत्रं थांबवली. अठरा बाया एकदम गप्प झाल्या, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं.

तानूबाईनं सगळ्यांना जुन्या शेडमध्येच खुर्च्या टाकल्या. पोहे केले, कढईत. मामांनी दोनदा घेतले. आई इकडंतिकडं बघत होती, आतलं दार कधी उघडतं म्हणून. आणि अमोल? पोह्याची बशी मांडीवर तशीच, तोंड वर, पत्र्याकडं. बशी कलंडायला आली तरी ह्याला पत्ता नाही. शेवटी न राहवून म्हणाला, मावशी, हा पत्रा कुणी मारलाय? जोड सगळे वाऱ्याच्या तोंडाला केलेत. पाऊस आडवा आला की सरळ आत शिरणार.

तानूबाईनं पोह्याचा झारा खाली ठेवला. मग मांडीवर हात मारून म्हणाली, "ठरलं."

"काय ठरलं?" अमोलची आई म्हणाली. "पोरगी तर दावा."

"पोरगी न्हाई, ताई. पत्रं हाईत."

मामांच्या घशात पोहे अडकले. आई उभी राहिली. ती काय काय बोलली ते लिहीत नाही, पण तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पोराच्या लग्नाची थट्टा मांडली, म्हणाली. अमोल कानापर्यंत लाल झाला होता. तो आईला गाडीकडं न्यायला लागला, आणि मला दिसलं की आमची शेड त्या गाडीत बसून चाललीय. पावसाला चार महिने राहिलेले.

तानूबाई कधी कुणाची माफी मागत नसे. मी चाळीस वर्षं वाट बघितलेली आहे. त्या दिवशी ती दारात जाऊन आडवी उभी राहिली, आणि ती काळी बोटं नाचवायच्या ऐवजी जोडली. म्हणाली, "चूक माजी हाय. पण ह्यो तुमचा पोरगा पोरगी बघाय आला आणि पत्रा बघत बसला. असल्या माणसाला मी कुठं सोडू?"

आई थांबली. मग तानूबाईनं त्या दवाखान्याची, त्या डोक्यावरच्या पोत्याची गोष्ट तिला सांगितली. आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तंबाखूचं तेवढं तिनं गाळलं. आई परत खुर्चीत बसली. तानूबाईनं पेढ्याचा पुडा स्वतःच फोडला आणि सौदा मांडला. शेड गळली न्हाई तर पोरगी मी हुडकते, मागल्या दारानं जाऊन. आणि गळली, तर ह्या तालुक्यात एकबी बाप ह्याला पोरगी देणार न्हाई, ती व्यवस्थाबी मीच करते.

अमोल पहिल्यांदाच हसला. म्हणाला, मावशी, उद्यापासून मापं घेतो. ती म्हणाली, म्हंजे परवा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

शेड उभी राहिली तोवर ती रोज खुर्ची टाकून समोर बसायची. नटबोल्टात तिला काही कळत नव्हतं, पण पाऊस कळत होता. अमोलच्या नकाशात पत्रा भिंतीच्या बाहेर वीतभर होता. ही म्हणाली, आमच्यात पाऊस वरनं येत न्हाई, पश्चिमेकडनं येतोय, चालत. त्या अंगाला हातभर तरी काढ. तो म्हणाला, नकाशा बदलावा लागेल. ती म्हणाली, मी पाऊस बदलू का मग? त्यानं नकाशा बदलला. आणखी एक, वर मधे मधे उजेडाचे पत्रे घालायला लावले, कारण अख्खा गर आणि फुटका गर दिव्याखाली निवडला की बायांचे डोळे जातात. बाया अजून त्याला तानूअक्काचा उजेड म्हणतात.

ती एकच पावसाळा त्या शेडखाली राहिली. दिवाळीआधी छातीत पाणी झालं, आणि दिवाळीनंतर तिला आणायला मी एकटाच दवाखान्यात गेलो. त्याआधी, उठवत नव्हतं तरी, ती एकदा अमोलसाठी एक घर बघून आली होती. मला बरोबर नेलं नाही. आल्यावर एवढंच म्हणाली, ठरलं. मी विचारलं, काय बघितलंस? म्हणाली, पोरगी मागच्या दारात आजीची नखं काढत बसलीवती. तीच पोरगी गेल्या महिन्यात अंतरपाटाच्या पलीकडं उभी होती.

ह्या वर्षी पाऊस सुरू झाल्यापासून मी बॉयलरजवळ ते मोठं पातेलं ठेवतो. बाया हसतात. हसू देत. वर बघतो, गळत नाही. एखादा थेंब पडला असता तर तिच्या शिव्या तरी आठवल्या असत्या, एक एक करून.

मला ती दिसते ती त्या एका जुलैतल्या सकाळी. तीन दिवस पाऊस आडवा लागलेला. आदल्या संध्याकाळी तिनं नव्या शेडमध्ये अकराच्या अकरा भांडी मांडली होती, जुन्याच जागांवर. अमोलवर विश्वास नव्हता असं नाही. सवय होती, आणि नव्याला जुन्या भांड्यांनी पारखायचं होतं. सकाळी ती एकेका भांड्यापाशी गेली. हात घालून बघितलं. उलटं करून बघितलं. कोरडं. दारातलं घमेलं कोरडं, हंडा कोरडा, बॉयलरजवळचं पातेलं कोरडं. तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे नव्हता. भांडायला गेल्यावर समोरचा घरीच नसावा, तसा चेहरा होता. मग तिनं भांड्यांची उतरंड केली, कमरेवर घेतली, आणि शेडच्या मधोमध थांबली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काय न्हाई. अमोलच्या आईला फोन लावा, पोरगी हुडकाय लागते म्हणावं. आणि एवढी भांडी घरात ठेवायची कुठं, ते सांगा."

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि भांडी वाजवत, पावसातून घराकडं गेली. त्या दिवशी आमटी पातेल्यात झाली.